मजल दरमजल : मॅरेथॉनचा सराव आणि व्यक्तिगत ध्येयसाधना (महाराष्ट्राच्या विशेष संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास)

प्रस्तावना

मराठी कागदपत्रांत सैन्याच्या कूचाविषयी 'मजल दरमजल' हा शब्दप्रयोग वारंवार येतो. एका दिवसात जेवढे अंतर फौजेला, जनावरांना आणि बाजारबुणग्यांना झेपेल तेवढी एक मजल. मग मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी पुढची मजल. दूरचा मुलूख एका दमात गाठता येत नाही, तो टप्प्याटप्प्यानेच गाठावा लागतो, हे व्यवहारज्ञान या दोन शब्दांत साठवलेले आहे. आषाढीची वारी याच ज्ञानावर चालते. आळंदीहून पंढरपूरपर्यंतचा सुमारे २५० किलोमीटरचा मार्ग वृद्ध माणसेही चालून जातात, कारण रोजची मजल आणि रोजचा मुक्काम आधीच ठरलेला असतो.

आधुनिक काळात हे व्यवहारज्ञान शास्त्राच्या रूपाने मॅरेथॉनच्या सरावात अवतरले. गेल्या काही दशकांत मॅरेथॉन ही केवळ खेळाडूंची शर्यत राहिलेली नाही. नोकरदार, गृहिणी, डॉक्टर, प्राध्यापक अशा अनेकांनी ती आयुष्यातील मोठे ध्येय म्हणून स्वीकारली आहे. तिच्या तयारीतून लागलेली शिस्त इतर ध्येयांकडेही नेते, असा विश्वास व्यक्त केला जातो. हा विश्वास कितपत खरा आहे, तो कोणत्या परिस्थितीत खरा ठरतो आणि कोणासाठी तो अजून दूरचा आहे, या प्रश्नांची उत्तरे इतिहासाच्या आधारे शोधणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. मोठे ध्येय केवळ जिद्दीने साध्य होत नाही, जिद्दीला पद्धतशीर तयारीची व त्या तयारीला संस्थेच्या आधाराची जोड लागते, हे येथे मांडावयाचे मुख्य प्रतिपादन आहे.

१. धावणे : चाकरी ते स्पर्धा

लांब पल्ल्याचे धावणे ही मूळची चाकरी होती. मराठेशाहीत जासूद आणि कासीद हे पत्रे घेऊन मुलूख तुडवीत. त्यांच्या पायांच्या वेगावर राजकारणाचे निर्णय अवलंबून असत. प्राचीन ग्रीसमधील फिडिपिडीस हाही असाच निरोप्या होता. इ. स. पूर्व ४९० मध्ये इराणी फौज मॅरेथॉनच्या किनाऱ्यावर उतरली, तेव्हा मदत मागण्यासाठी तो अथेन्सहून स्पार्टाला धावत गेला आणि दुसऱ्या दिवशी तेथे पोहोचला, असे हिरोडोटसने लिहिले आहे. विजयाची वार्ता सांगून निरोप्याने प्राण सोडल्याची कथा नंतरच्या लेखकांची आहे. कथेतील धावक काय किंवा पेशवाईतील जासूद काय, दोघेही धावत होते ते दुसऱ्याच्या कामासाठी. धावण्याचे अंतर, वेळ आणि प्रयोजन यांपैकी काहीही त्यांनी स्वतः ठरविलेले नव्हते.

१८९६ मध्ये अथेन्स येथे आधुनिक ऑलिंपिक सामने भरले, तेव्हा फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ मिशेल ब्रेआल यांच्या सूचनेवरून मॅरेथॉन शर्यतीचा समावेश झाला. सुमारे ४० किलोमीटरची ही पहिली शर्यत ग्रीसच्या स्पिरिडॉन लुईसने २ तास ५८ मिनिटे ५० सेकंदांत जिंकली. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये अंतर ४२.१९५ किलोमीटर होते आणि १९२१ मध्ये तेच प्रमाण म्हणून ठरविण्यात आले. चाकरीतून स्पर्धा निर्माण झाली खरी, परंतु या स्पर्धेसाठी शरीर कसे घडवावे याचे ज्ञान त्या काळी बाल्यावस्थेत होते. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये कडक उन्हात धावताना पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो कोसळला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला. शरीराला मेणासारखा लेप लावून तो धावला होता व त्यामुळे घाम अडला, असे नमूद आहे. धैर्य होते, ज्ञान नव्हते. आणि त्याची किंमत त्याने प्राणांनी चुकविली.

२. पुणे ते अँटवर्प : १९२०

भारतातील मॅरेथॉनचा इतिहास पुण्याच्या डेक्कन जिमखान्यापासून सुरू होतो. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या मैदानी स्पर्धांचे अध्यक्षपद सर दोराबजी टाटा यांच्याकडे आले. तेथे धावणारी मुले बहुतांशी शेतकरी कुटुंबांतील होती. त्यांना युरोपीय नियमांची वा आधुनिक सरावाची माहिती नव्हती. त्यांचे अन्न साधे होते आणि ती अनवाणी धावत. तरीही लांब अंतराच्या शर्यतींत त्यांनी दिलेल्या वेळा परदेशी धावकांच्या वेळांशी तुलना करण्याजोग्या होत्या, अशी आठवण टाटांनी १९२९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात नोंदविली आहे. या निरीक्षणातूनच भारतीय खेळाडूंना ऑलिंपिकला पाठविण्याची कल्पना पुढे आली. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांचे तिला सहकार्य लाभले आणि खर्चाचा मोठा भार टाटांनी स्वतः उचलला.

बेल्जियममधील अँटवर्प येथे गेलेल्या या पथकात पूर्मा बॅनर्जी, फडेप्पा चौगुले, सदाशिव दातार व एच. डी. कैकाडी हे धावपटू आणि कुमार नवले व रणधीर शिंदे हे मल्ल होते. पैकी चौगुले हे बेळगावचे. बेळगाव त्या काळी मुंबई इलाख्यात होते, आज ते कर्नाटकात आहे. २२ ऑगस्ट १९२० रोजी झालेल्या मॅरेथॉनमध्ये चौगुले आणि दातार यांनी भाग घेतला. या शर्यतीचे अंतर ४२.७५ किलोमीटर होते. ऑलिंपिकच्या इतिहासात एवढे लांब अंतर अन्य कोणत्याही मॅरेथॉनचे नव्हते. फिनलंडच्या हान्नेस कोलेहमाइनेनने ती २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंदांत जिंकली. दातार यांना शर्यत पूर्ण करता आली नाही. चौगुले मात्र २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंदांत अंतिम रेषेवर पोहोचले आणि एकोणिसावे आले.

या आकड्याचे मोल हिशेब केल्यावर कळते. चौगुले यांनी प्रत्येक किलोमीटर सरासरी ४ मिनिटांत कापला आणि ही गती जवळजवळ ४३ किलोमीटर टिकविली. आजही एखादा हौशी धावक वर्षानुवर्षांच्या सरावानंतर ३ तासांच्या आत मॅरेथॉन पूर्ण करतो, तेव्हा त्याचे कौतुक होते. त्यानंतर ३२ वर्षांनी, १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये, स्वतंत्र भारताचे सुरतसिंग माथुर यांनी मॅरेथॉन २ तास ५८ मिनिटे ९ सेकंदांत पूर्ण केली. अंतर कमी झाले होते, वेळ मात्र वाढला होता. माथुर यांच्या कर्तृत्वाला यामुळे उणेपणा येत नाही. परंतु एका पिढीने मिळविलेला अनुभव पुढच्या पिढीच्या हाती पोहोचविणारी यंत्रणा मधल्या काळात उभी राहिली नव्हती, हे या दोन आकड्यांवरून दिसते.

१९२० हे वर्ष अन्य कारणांनीही लक्षात राहते. चौगुले धावले त्याच्या तीनच आठवडे आधी, १ ऑगस्ट रोजी, लोकमान्य टिळकांचे निधन झाले होते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात नागपूर येथे भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाने असहकाराच्या कार्यक्रमावर शिक्कामोर्तब केले. शरीरसामर्थ्य हे राष्ट्राच्या कामी यावे, ही त्या पिढीची धारणा होती. विदर्भात १९१४ मध्ये अमरावतीला स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने हीच धारणा संस्थेच्या रूपाने जोपासली व १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके सादर केली. या काळात व्यक्तीच्या धावण्यामागचे ध्येय समूहाने ठरविलेले होते. 'माझे ध्येय' ही भाषा मैदानावर यायला अजून अवकाश होता.

३. सरावाच्या शास्त्राची जडणघडण

केवळ अनवाणी धावल्याने भारतीय धावक मागे पडले, असे म्हणता येणार नाही. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये इथिओपियाचा अबेबे बिकिला अनवाणीच धावला आणि २ तास १५ मिनिटे १६.२ सेकंदांत विजयी झाला. फरक पायांतील बुटांचा नव्हता. बिकिला हा सम्राटाच्या अंगरक्षक दलातील शिपाई होता व ओन्नी निस्कानेन या स्वीडिश प्रशिक्षकाच्या हाताखाली त्याने पद्धतशीर सराव केला होता. त्याला नियमित अन्न, ठरलेला दिनक्रम आणि वेळ मोजणारा मार्गदर्शक लाभला होता. भारतातही हाच अनुभव आला. सैन्यदलातील शिवनाथ सिंग १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये अकरावे आले आणि १९७८ मध्ये जालंधर येथे त्यांनी नोंदविलेला २ तास १२ मिनिटांचा राष्ट्रीय विक्रम पुढे चार दशकांहून अधिक काळ अबाधित राहिला. लष्कराने त्यांना दिलेली नोकरी, आहार आणि शिस्त या विक्रमाच्या पाठीशी होती.

सरावाचे शास्त्र घडविणाऱ्यांत दोन नावे महत्त्वाची आहेत. चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकने वेगवान धाव आणि सावकाश धाव यांची आलटून पालटून पुनरावृत्ती करण्याची पद्धत कठोरपणे अवलंबिली. १९५२ च्या एकाच ऑलिंपिकमध्ये त्याने ५००० मीटर, १०००० मीटर आणि मॅरेथॉन या तिन्ही शर्यती जिंकल्या. न्यूझीलंडच्या आर्थर लिडियार्ड यांनी त्यापेक्षा वेगळा विचार मांडला. धावक कोणत्याही अंतराचा असो, त्याने प्रथम आठवड्याला सुमारे १०० मैल सावकाश धावून दमाचा पाया घालावा आणि वेगाचे काम त्यानंतर करावे, असे त्यांचे सूत्र होते. त्यांचा शिष्य पीटर स्नेल केवळ ८०० मीटर धावणारा. परंतु त्यानेही मॅरेथॉनच्या धावकाप्रमाणे सराव केला आणि १९६० मध्ये रोमला सुवर्णपदक मिळविले. मॅरेथॉनचा सराव केवळ मॅरेथॉनपुरता नसतो, तो वेगळ्या ध्येयाचाही पाया होऊ शकतो, हे येथे प्रथमच ठळकपणे सिद्ध झाले.

लिडियार्ड यांनी हा विचार सामान्य माणसांपर्यंतही नेला. १९६२ मध्ये ऑकलंड येथे त्यांच्या प्रेरणेने मध्यमवयीन नागरिकांचे सावकाश धावण्याचे मंडळ सुरू झाले. ही चळवळ अमेरिकेत पोहोचली. १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या पहिल्या मॅरेथॉनमध्ये १२७ जणांनी नावे नोंदविली आणि ५५ जणांनी शर्यत पूर्ण केली. पुढे याच शर्यतीत हजारो लोक धावू लागले. स्त्रियांना मात्र या मार्गावर स्वतःचा हक्क मिळवावा लागला. १९६७ मध्ये बोस्टन मॅरेथॉनमध्ये क्रमांक लावून धावणाऱ्या कॅथरीन स्विट्झरला एका अधिकाऱ्याने मार्गातच ओढून बाहेर काढण्याचा प्रयत्न केला. तरीही तिने शर्यत पूर्ण केली. स्त्रियांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये आली ती १९८४ साली.

महाविद्यालयीन अध्यापकांना विशेष उद्बोधक वाटेल असा एक प्रयोग अमेरिकेतील नॉर्दर्न आयोवा विद्यापीठात झाला. तेथे ज्यांना धावण्याचा पूर्वानुभव नाही अशा विद्यार्थ्यांसाठी मॅरेथॉनचा अभ्यासक्रम चालविण्यात आला. शरीराच्या तयारीइतकेच मनाच्या तयारीला त्यात स्थान होते. आठवड्यातून चार दिवस धावणे आणि १६ आठवड्यांचा कालावधी अशी त्याची आखणी होती. या प्रयोगावर आधारित पुस्तक १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. मॅरेथॉन ही निवडक बलवानांची मिरास नसून सामान्य विद्यार्थ्याला शिकविता येणारी गोष्ट आहे, हे या अभ्यासक्रमाने दाखवून दिले.

या साऱ्या प्रयोगांतून जी पद्धत स्थिर झाली, तिची तत्त्वे थोडकी आहेत. आठवड्यातून एकदाच लांब धाव घ्यावयाची आणि तिचे अंतर हळूहळू वाढवीत ३० किलोमीटरच्या आसपास न्यावयाचे. उरलेल्या दिवशी सावकाश व थोडे धावावयाचे. विश्रांती हा सरावाचाच भाग मानावयाचा, कारण श्रमाने थकलेले शरीर विश्रांतीच्या काळातच बळकट होते. शर्यतीपूर्वीच्या दोन-तीन आठवड्यांत अंतर कमी करावयाचे. स्नायूंत व यकृतात साठलेली शर्करा साधारण ३० किलोमीटरनंतर संपत येते आणि तेथे पाय जड होतात. तो टप्पा निभावण्यासाठी शरीराला आधीच सवय लावावी लागते. थोडक्यात, सराव म्हणजे मजल दरमजल करण्याचे शास्त्र होय.

४. महाराष्ट्र : ध्येयाची दोन रूपे

महाराष्ट्रात १९८३ मध्ये पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन सुरू झाली आणि १५ फेब्रुवारी २००४ रोजी मुंबई मॅरेथॉनची पहिली शर्यत झाली. मुंबईच्या शर्यतीने शहरी मध्यमवर्गाला एक नवे ध्येय दिले. त्यानंतर राज्यातील अनेक शहरांत धावणाऱ्यांचे गट तयार झाले. नागपुरात अंबाझरी, फुटाळा, सेमिनरी हिल्स व सिव्हिल लाइन्सच्या रस्त्यांवर हिवाळ्यातील पहाटे ही मंडळी दिसतात. येथे ध्येय व्यक्ती स्वतः ठरविते. जिंकण्याचा प्रश्न नसतो, शर्यत पूर्ण करणे हेच पुरेसे असते.

याच काळात ग्रामीण महाराष्ट्रातील मुलींसाठी लांब पल्ल्याचे धावणे हे जगणे बदलण्याचे साधन ठरले. नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा या आदिवासी पाड्यावरील कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळविले. त्याच वर्षी ग्वांगझू आशियाई स्पर्धेत त्यांनी याच शर्यतीत रौप्यपदक पटकाविले आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये त्या धावल्या. सातारा जिल्ह्यातील दुष्काळी माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर यांचे उदाहरण तर या निबंधाच्या विषयाचे सारच आहे. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांच्या गटात त्यांनी २०१२ ते २०१४ या काळात सलग तीन वेळा विजय मिळविला. यशाच्या या टप्प्यावर त्यांनी ध्येय बदलले व ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीकडे त्या वळल्या. मॅरेथॉनच्या सरावाने मिळालेला दम ही त्यांची शिदोरी होती. २०१४ मध्ये इंचॉन आशियाई स्पर्धेत कांस्यपदक, २०१५ मध्ये वुहान येथे आशियाई विजेतेपद आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या प्राथमिक फेरीत ९ मिनिटे १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम असा हा प्रवास आहे. अंतिम फेरीत त्या दहाव्या आल्या. ट्रॅकवरील वैयक्तिक शर्यतीची ऑलिंपिक अंतिम फेरी गाठणाऱ्या त्या १९८४ च्या पी. टी. उषा यांच्यानंतरच्या पहिल्या भारतीय महिला होत. पुढे त्या राज्य शासनाच्या महसूल सेवेत दाखल झाल्या. लिडियार्ड यांनी पीटर स्नेलच्या बाबतीत जे सिद्ध केले, तेच माणदेशच्या कन्येने आपल्या वाटेने सिद्ध केले.

नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांचे उदाहरण धावण्याचे नसले तरी त्याच पद्धतीचे आहे. वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या समर्थ यांनी २०१७ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४८०० किलोमीटरची सायकल शर्यत १२ दिवसांच्या मुदतीत एकट्याने पूर्ण केली. एवढे अंतर कोणाही माणसाला एका ध्येयवाक्याच्या जोरावर कापता येत नाही. वर्षानुवर्षे वाढवीत नेलेला सराव, झोपेचे व अन्नाचे नियोजन आणि पाठीशी असलेला साहाय्यकांचा चमू यांच्या बळावरच ते शक्य होते. स्पर्धकाचे नाव एकट्याचे लागते, परंतु ध्येय अनेकांच्या आधाराने गाठले जाते, हा धडा येथेही मिळतो.

५. तयारीवाचूनची जिद्द

या यशोगाथांची दुसरी बाजू पाहिल्यावाचून इतिहास पुरा होत नाही. महाराष्ट्रात सर्वाधिक तरुण-तरुणी धावतात त्या मॅरेथॉनसाठी नव्हे, भरतीसाठी. विदर्भातील कोणत्याही तालुक्याच्या गावी पोलीस वा सैन्यभरतीची जाहिरात निघाली की पहाटेच्या अंधारात रस्ते धावणाऱ्या मुलामुलींनी भरतात. एका सरकारी नोकरीवर संपूर्ण कुटुंबाची आशा टेकलेली असते. त्यांच्यापुढचे ध्येय शहरी धावकाच्या ध्येयाहून लहान नाही, किंबहुना ते अधिक निकडीचे आहे. परंतु बहुतेकांचा सराव जाहिरातीनंतर सुरू होतो. मार्गदर्शक नसतो, आहाराचे नियोजन नसते, आणि विश्रांती हा आळस समजला जातो.

या स्थितीचे भीषण रूप जून २०१४ मध्ये मुंबईत दिसले. पोलीस भरतीच्या ५ किलोमीटर धावण्याच्या चाचणीत उन्हाने व श्रमाने काही उमेदवार कोसळले आणि मृत्युमुखी पडले. त्यानंतर चाचणीचे अंतर ३ किलोमीटरवर आणण्यात आले व पुढे नियम आणखी बदलले. आता पुरुषांसाठी १६०० मीटर व महिलांसाठी ८०० मीटर धावण्याची चाचणी घेतली जाते. अंतर कमी करणे हा तातडीचा उपाय होता व तो आवश्यकही होता. परंतु ५ किलोमीटर हे अंतर मुळात तरुण शरीराला असाध्य नाही. मॅरेथॉनचा नवशिका धावक ते सरावाच्या पहिल्या काही आठवड्यांतच सहज कापू लागतो. असाध्य होते ते तयारीवाचून, उन्हात, आयुष्याचा निकाल लागणार या दडपणाखाली एकदम वेगाने धावणे. उष्णतेची सवय होण्यासाठीही शरीराला साधारण १० ते १४ दिवस द्यावे लागतात. १९१२ मध्ये स्टॉकहोमला लाझारो ज्या कारणाने गेला, त्याच जातीचे कारण एका शतकानंतर, सर्व ज्ञान उपलब्ध असताना, येथे उभे होते. ज्ञान नव्हते म्हणून लाझारो गेला. मुंबईत ज्ञान होते, ते या मुलांपर्यंत पोहोचले नव्हते.

ध्येयाचे सामर्थ्य आणि त्याचा धोका या दोहोंवर अर्थशास्त्रज्ञांनी केलेल्या एका अभ्यासाने प्रकाश टाकला आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मॅरेथॉन पूर्ण करणाऱ्यांच्या सुमारे ९८ लाख नोंदी तपासण्यात आल्या. ३ तास, ४ तास अशा पूर्ण आकड्यांच्या किंचित आधी शर्यत संपविणाऱ्यांची संख्या लक्षणीय दाटलेली आढळली. ठरविलेला आकडा थकलेल्या माणसालाही शेवटच्या टप्प्यात ओढून नेतो, असा त्याचा अर्थ होतो. सराव झालेल्या शरीरासाठी ही ओढ वरदान आहे. सराव न झालेल्या शरीराला मात्र तीच ओढ थांबण्याची सूचना ऐकू देत नाही. ध्येय जितके मोठे, तितकी पूर्वतयारीची जबाबदारी मोठी, आणि ही जबाबदारी केवळ धावणाऱ्यावर टाकून चालणार नाही.

६. महाविद्यालयाची भूमिका

१९२० मध्ये शेतकऱ्यांच्या मुलांना डेक्कन जिमखाना भेटला, म्हणून चौगुले यांची नोंद इतिहासात झाली. शिवनाथ सिंग यांना सैन्यदल भेटले. आजच्या विदर्भातील भरतीसाठी धावणाऱ्या मुलाला त्याच्या गावाजवळ नियमितपणे भेटणारी संस्था बहुधा एकच आहे, ती म्हणजे महाविद्यालय. तेथे मैदान असते, शारीरिक शिक्षण संचालकाचे पद असते आणि राष्ट्रीय सेवा योजना असते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार राज्यातील पदवी अभ्यासक्रमांत क्रीडा व आरोग्यविषयक सह-अभ्यासक्रमांना श्रेयांकही मिळू लागले आहेत. या चौकटीत १५ ते १६ आठवड्यांचा लांब पल्ल्याच्या धावण्याचा अभ्यासक्रम सहज बसू शकतो.

नागपूरचे हवामान अशा आखणीला अनुकूल ठरू शकते. उन्हाळ्यात ४५ अंशांपर्यंत चढणारा पारा दसऱ्यानंतर उतरू लागतो. दसऱ्यापासून मकरसंक्रांतीपर्यंतचे तीन-साडेतीन महिने हा वैदर्भीय धावकाचा खरा हंगाम होय. पावसाळ्यात चालण्याने आरंभ करून या हंगामात सावकाश धावण्याकडे वळता येईल. अंतिम लक्ष्य पूर्ण मॅरेथॉनचे असण्याची गरज नाही. १० किलोमीटर न थांबता धावणे हेही नवशिक्या विद्यार्थ्यासाठी मोठेच ध्येय आहे. मूल्यमापन वेगावर न करता सरावाच्या दैनंदिनीवर करावे. किती धावलो, कसे वाटले, किती झोपलो, काय खाल्ले, याची रोजची नोंद विद्यार्थ्याला स्वतःकडे पाहावयास शिकविते. आरंभी वैद्यकीय तपासणी अनिवार्य असावी. मुलींसाठी सुरक्षित मार्ग व ठरावीक वेळ यांची जबाबदारी महाविद्यालयाने घ्यावी, कारण पहाटेच्या अंधारात एकटीने धावण्याची मोकळीक अजून अनेकींना नाही.

असा अभ्यासक्रम पूर्ण करणारा विद्यार्थी पोलीस होईलच असे नाही. परंतु दूरचे ध्येय आठवड्यांत विभागणे, एखादा दिवस चुकला तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा उभे राहणे, थकवा आणि दुखापत यांतील भेद ओळखणे, विश्रांतीचा संकोच न बाळगणे या सवयी तो सोबत नेईल. स्पर्धा परीक्षा, संशोधन प्रबंध किंवा शेतीतील नवा प्रयोग यांनाही हीच पद्धत लागू पडते. प्रबंधाचे शेवटचे प्रकरण आणि मॅरेथॉनचे शेवटचे १० किलोमीटर यांतील साम्य अध्यापकवर्गाला वेगळे सांगावयास नको.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, लांब पल्ल्याचे धावणे चाकरीतून स्पर्धेकडे, स्पर्धेतून राष्ट्रीय अभिमानाकडे आणि तेथून व्यक्तिगत ध्येयाकडे सरकत गेले. हे स्थित्यंतर सुमारे एका शतकात घडले. दुसरा, चौगुले यांच्यापासून ललिता बाबर यांच्यापर्यंत महाराष्ट्राच्या ग्रामीण व सीमाभागातील शरीरांत क्षमता नेहमीच होती. यशाचे प्रमाण ठरले ते तिला लाभलेल्या तयारीच्या पद्धतीवर आणि संस्थेच्या आधारावर. तिसरा, मॅरेथॉनच्या सरावाचे खरे फळ पदक वा प्रमाणपत्र हे नसून दूरचे अंतर रोजच्या मजलांत वाटून घेण्याची सवय हे आहे. म्हणूनच हा सराव अन्य ध्येयांचाही पाया ठरतो. चौथा, ही पद्धत आज ज्यांच्याकडे फुरसत व साधने आहेत त्यांच्यापर्यंत पोहोचली आहे. ज्यांचे भवितव्य धावण्यावर अवलंबून आहे त्यांच्यापर्यंत ती अद्याप पुरेशी पोहोचलेली नाही.

फडेप्पा चौगुले यांनी अँटवर्पच्या रस्त्यावर एक शतकापूर्वी दाखविलेला दम आजही विदर्भाच्या रस्त्यांवर पहाटे धावताना दिसतो. त्याला मजल आखून देणारे आणि मुक्कामाला थांबविणारे कोणी असावे, एवढीच उणीव आहे. ती भरून काढणे महाविद्यालयांच्या आवाक्याबाहेरचे नाही.